खुब्याचं ऑपरेशन लेस्टरला करावं की नागपूरला?

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहणाऱ्या, मूळच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या एका ताईंनी विचारलं आहे. वय ५४. उजव्या खुब्याचा सांधा पूर्ण झिजलाय, रात्री कूस बदलली तरी कळ येऊन जाग येते. सांधा बदलण्यासाठी एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) यादीत नाव आहे, पण वर्षाहून जास्त थांबावं लागेल असं कळवलंय. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा इंजेक्शन. भाऊ नागपुरातून सारखा फोन करतो, "इकडे ये, पंधरा दिवसांत चालायला लागशील." यजमानांचं म्हणणं, इथेच थांबू. काय करावं?

ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांत कित्येक वर्षं सांधे, पोट आणि हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देतोय. परदेशातून ऑपरेशनसाठी माहेरी किंवा आईवडिलांकडे आलेली माणसं दर हिवाळ्यात भेटतात. त्यांच्या घरात चर्चा झालेली असते ती खर्चाची आणि तारखेची. मी त्यांना आधी वेगळंच विचारतो: हे ऑपरेशन ज्या मुदतीत बिघडू शकतं, त्या सगळ्या मुदतीत ते करणारा सर्जन तुमच्या हाताशी असणार आहे का? याचं उत्तर "हो" असेल तर नागपूर उत्तम. "नाही" असेल तर कितीही स्वस्त पडलं तरी तिथेच करा.

भाऊ म्हणतो ते खोटं नाही. खुब्याच्या पेशंटला आम्ही बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतो, आणि पंधरा दिवसांत घरातल्या घरात चालणं होतं. पण धोक्याची मुदत पंधरा दिवसांत संपत नाही. पायात रक्ताची गाठ होण्याची भीती पहिले काही आठवडे असते, म्हणून खुब्यानंतर रक्त पातळ करण्याचं औषध ३५ दिवसांपर्यंत देतात. सांधा निखळण्याची शक्यता पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त. आणि जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा घरी गेल्यावर लक्षात येतो. टाके काढून झालेले असतात, सगळे निर्धास्त असतात, आणि एका सकाळी जखमेवरचं कापड ओलं दिसतं.

असे एक काका मला आठवतात. गुडघा बदलून तिसऱ्या आठवड्यात मुलाकडे आखातात परत गेले. नातवाचा वाढदिवस होता, तिकीट आधीच काढलेलं. तिथे जखमेतून पाणी यायला लागलं. अशा वेळी पहिल्या महिन्याभरात सांधा उघडून आतून नीट धुतला आणि मधलं प्लास्टिकचं लायनर बदललं, तर बसवलेला सांधा पुष्कळदा वाचवता येतो. पण नवं लायनर त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, त्याच मापाचं लागतं. काकांच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, "टोटल नी रिप्लेसमेंट, उजवा." बस, एवढंच. कंपनी कोणती, माप कोणतं, काही नाही. तिथले सर्जन मुलाला विचारतायत, मुलगा इकडे फोन करतोय, इकडे दिवाळीची सुट्टी. माहिती मिळाली, पण मोलाचे दिवस गेले.

हे टाळणं खरं तर फार सोपं आहे. इम्प्लांटचा, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याचा, डबा ऑपरेशन थिएटरमध्ये उघडला की त्यातले छोटे स्टिकर सिस्टर काढून केसपेपरवर चिकटवते. प्रत्येक भागाचा एक स्टिकर, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर. डिस्चार्जच्या आधी त्या पानाचा फोटो काढून घ्या आणि झेरॉक्स मागा. ऑपरेशनची नोटही मागा. डिस्चार्ज कार्ड म्हणजे ऑपरेशनची नोट नव्हे. हे कागद मागणं पेशंटचा हक्क आहे, संकोच करू नका.

आता तुमच्या ऑपरेशनकडे वळण्याआधी थोडं व्यापक बोलतो, कारण हाच प्रश्न इतर लोक इतर आजारांसाठी विचारतात आणि सगळ्यांना एकच उत्तर चालत नाही.

एकदा करून मोकळं होता येतं, अशी ऑपरेशनं घरी येऊन करायला हरकत नसते. पित्ताशय, हर्निया, गर्भाशय काढणं (कॅन्सरची शंका नसेल तर). कॅन्सरचं मात्र तसं नाही. तिथे ऑपरेशन हा उपचाराचा एक टप्पा असतो. त्याच्या आधी किंवा नंतर केमो, रेडिएशन, मग पुढे पाच वर्षं तपासण्या. हे सगळं एका टीमच्या हाताखाली झालं पाहिजे. नागपुरात कॅन्सरचे चांगले सर्जन आहेत, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, पण "ऑपरेशन नागपूरला आणि केमो तिकडे" हा मार्ग मी कोणालाच सुचवत नाही. एकतर सहा-आठ महिने इथे राहायची तयारी करून या, नाहीतर पूर्ण उपचार तिथेच घ्या. कधी उपचार विभागावाच लागला, तर बायोप्सीचा रिपोर्ट पुरत नाही, काढलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक सोबत न्यावे लागतात.

स्वादुपिंड, अन्ननलिका, यकृत अशा अवघड ऑपरेशनांत एक गोष्ट जगभर पुन:पुन्हा दिसून आली आहे: जिथे ती नेहमी होतात तिथे पेशंट दगावण्याचं प्रमाण कमी असतं. सर्जनचा हात तर बसलेला असतोच, शिवाय रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या सिस्टरला काय बिघडतंय हे ओळखता येतं. म्हणून या ऑपरेशनांसाठी गाव पाहू नका, महिन्याला किती होतात ते पाहा. त्यासाठी कधी मुंबईला जावं लागलं तरी जा.

किडनीचं प्रत्यारोपण हा पूर्ण वेगळा विषय आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार रुग्ण परदेशी नागरिक आणि दाता भारतीय असेल, तर दोघं जवळचे नातेवाईक असल्याशिवाय परवानगी मिळत नाही, आणि असले तरी प्राधिकृत समितीपुढे जावं लागतंच. पासपोर्ट बदलला असेल तर इथे येण्याआधी हे वकिलाकडून आणि हॉस्पिटलच्या समन्वयकाकडून समजून घ्या. ओळखीने यात काही होत नाही, आणि तसं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या घरात दोनच पर्याय चर्चेत दिसतात, पण तिसरा आहे. इंग्लंडमध्ये जीपीने (म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने) तज्ज्ञाकडे पाठवताना हॉस्पिटल निवडण्याचा कायदेशीर हक्क पेशंटला आहे. त्यात एनएचएसशी करार असलेली खासगी हॉस्पिटलंही येतात आणि तिथेही तुम्हाला पैसे पडत नाहीत. १८ आठवड्यांपेक्षा जास्त थांबावं लागणार असेल तर दुसरीकडे हलवा अशी विनंती करता येते. लेस्टरची यादी वर्षाची असेल, पण तासा-दीड तासावरच्या दुसऱ्या हॉस्पिटलची तेवढी असेलच असं नाही. जीपीच्या दवाखान्यात फोन करून हे स्पष्ट शब्दांत मागा, आपणहून कोणी सांगेल याची वाट पाहू नका. तिथे अजून एक सोय आहे जी आपल्याकडे या प्रमाणात नाही: इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पासून बदललेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. कोणत्या हॉस्पिटलात किती खुबे बदलले हे तिच्या वेबसाइटवर घरबसल्या पाहता येतं.

स्वतःच्या पैशाने तिथल्या खासगी हॉस्पिटलात खुबा बदलायला साधारण पंधरा हजार पौंडांच्या आसपास लागतात. नागपुरात चांगल्या हॉस्पिटलात खोली आणि इम्प्लांटप्रमाणे अडीच ते चार लाख रुपये धरा. फरक मोठा आहे, नाकारत नाही. पण इकडच्या आकड्यात दोघांचं विमानभाडं, बुडालेला पगार आणि सोबतीला राहणाऱ्याची रजा मिळवा, मग तुलना करा. आणि इथे ऑपरेशन करून परत गेल्यावर काही बिघडलं, तर एनएचएस तातडीचे उपचार करेल, त्यात शंका नाही. मात्र दुसऱ्याने केलेल्या ऑपरेशनचा नियमित पाठपुरावा हक्काने मागता येईल असं समजू नका. सांधा पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा त्याच रांगेत उभं राहावं लागेल.

अमेरिकेतल्यांचं गणित निराळं असतं. तिथे विम्याची वर्षाची खिशातून भरायची कमाल मर्यादा गाठली असेल, तर नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात त्या वर्षातलं पुढचं ऑपरेशन जवळजवळ विनाखर्च होऊ शकतं. बऱ्याच पॉलिसी जानेवारीत शून्यापासून सुरू होतात. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये नागपूरचं तिकीट काढण्याआधी विमा कंपनीला एक फोन करावा. आखातातल्यांनी पॉलिसीत मायदेशी उपचारांचं कलम आहे का ते पाहावं आणि मंजुरी लेखी घ्यावी. नोकरी सुटली की तो विमा जातो.

भारतातली पॉलिसी आता काढून या ऑपरेशनला उपयोग नाही. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपन्या तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा ठेवू शकतात आणि सांधेबदल त्यात हमखास असतो. ज्यांना पुढेमागे नागपुरातच म्हातारपण काढायचंय त्यांनी मात्र पॉलिसी तब्येत चांगली असतानाच काढावी.

नागपूर ठरलंच तर सर्जन कसा निवडावा? सांध्यांच्या बाबतीत नागपूरचा हात चांगला बसलेला आहे. छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगड, आदिलाबादपर्यंतचे पेशंट इथे येतात, त्यामुळे काम भरपूर. तरी व्हिडिओ कॉलवर सरळ विचारा: खुबे महिन्याला किती करता? तुम्ही स्वतः करणार ना? रात्री आयसीयूत कोण असतं? मी परत गेल्यावर जखमेचा फोटो पाठवला तर कोण उत्तर देईल? चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडतो, त्याच्याकडे परदेशातून येऊन ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, कारण तुम्हाला पुढचं वर्षभर त्याच्याशी फोनवरच बोलायचंय. भूलतज्ज्ञालाही आधी भेटायचंय असं सांगा. आम्हाला ते आवडतं.

पॅकेज लेखी घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये किमतीची मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरले होते, पुढे त्यात बदल झाले. गुडघ्याचं बिल त्यावरून पडताळता येतं. खुब्याचं त्या यादीवरून ताडू नका. इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेलसकट वेगळा आकडा लिहून मागा, आणि पॅकेजमध्ये काय येत नाही तेही.

आता माझ्या कामाचा भाग. इथे थोडं थांबतो, कारण नेमकं हेच पेशंट सांगत नाहीत.

तुमचं आठवड्याचं इंजेक्शन सेमाग्लुटाइड किंवा त्याच जातीचं असणार. त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न राहू शकतं, आणि भूल देताना ते वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. "इतर काही औषध?" असं विचारल्यावर लोक "नाही" म्हणतात, कारण वजनाचं इंजेक्शन त्यांना औषध वाटतच नाही. ते किती दिवसांपासून घेताय, डोस किती, मळमळ होते का, शेवटचं कधी घेतलं, हे सगळं सांगा. कुणाला ते आधी थांबवावं लागतं, कुणाला आदल्या दिवशी फक्त पातळ आहारावर ठेवून भागतं. मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद करतात. नाहीतर साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. अश्वगंधा, लसूण-हळदीच्या कॅप्सूल, माशाचं तेल, काय काय घेत असाल ते सगळं एका कागदावर लिहा.

तुमचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) तिथे वेगळ्या एककात येतो. ५३ लिहिलं असेल तर आपल्याकडचं ७ टक्के. ६९ म्हणजे ८.५. त्याच्या वर असेल तर मी तुम्हाला दोन्हीकडे थांबाच म्हणेन, कारण साखर जास्त असताना बदललेल्या सांध्यात जंतू शिरण्याची शक्यता वाढते.

आणि सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भातल्या माणसाला हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. आपल्या भागात अनेक समाजांत हा दोष आहे, आणि पुष्कळांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसतं. वाहकाला बहुतेक वेळा ऑपरेशनमध्ये त्रास होत नाही, पण आम्हाला आधी माहीत असलं तर ऑक्सिजन, सलाइन, अंगाची ऊब यांची जास्त काळजी घेतो. गुडघ्याचं असेल तर मांडीला रक्त थांबवणारा पट्टा बांधायचा की नाही याचाही विचार करतो. ब्रिटनमध्ये हा आजार मुख्यतः आफ्रिकन आणि कॅरिबियन वंशाच्या लोकांत दिसतो, त्यामुळे भारतीय पेशंटला तो प्रश्न विचारायचा राहून जाऊ शकतो. तुम्ही लेस्टरला केलंत तरी तुम्हीच सांगा की मी मध्य भारतातली आहे, सिकलसेलची तपासणी करा. साध्या चाचणीत नुसतं "आहे" इतकंच कळतं. वाहक की आजार, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या तपासण्यांनीच समजतं.

मोसम. नागपूरला यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), पारा ४५ च्या पुढे जातो. पेशंट घामाने भिजतो, जखमेवरचं ड्रेसिंग सुटतं, अंगातलं पाणी कमी होऊन रक्त दाटतं, आणि कूलरच्या हवेत खोली दमट होते. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत डेंग्यू. प्लेटलेट घसरलेल्या पेशंटचं ऑपरेशन पुढे ढकलावंच लागतं. डिसेंबरमध्ये मात्र सर्जनची रजा आणि घरातली लग्नं आधी विचारून घ्या.

घर पाहायला भावाला सांगा. खोली तळमजल्यावर हवी, कमोड उंच हवा, पलंग गुडघ्यापेक्षा थोडा उंच. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांचे जिने नव्या खुब्यासाठी नाहीत. बाथरूममध्ये दोन मजबूत दांडे आधीच बसवून घ्या. खाली मांडी घालून बसायचा आग्रह करणाऱ्या आत्या-मावश्यांना आधीच समज द्या.

प्रवास. ऑपरेशनच्या तारखेच्या किमान दोन आठवडे आधी पोचा. लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच मोठं ऑपरेशन केलं तर पायात गाठ होण्याचा धोका वाढतो, शिवाय तपासण्यांत काही निघालं तर सुधारायला वेळ हवा. परतीचं विमान सहा आठवड्यांच्या आत नको, आठ झाले तर बरं. मुंबई-दिल्लीमार्गे जा की दोहामार्गे, दारापासून दारापर्यंत जवळजवळ एक दिवस मोडतो. व्हीलचेअर आधी नोंदवा, कडेची सीट घ्या. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिकीट बुडालं तरी चालेल. वेदनेसाठी इथे सर्रास ट्रॅमाडॉल लिहून देतात. संयुक्त अरब अमिरातीत ते नियंत्रित औषध आहे. दुबई किंवा शारजात उतरणार असाल तर ते पूर्वपरवानगीशिवाय पिशवीत ठेवू नका, साधं पॅरासिटामॉल न्या.

परत गेल्यावर तिथल्या कोणत्याही हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ आली तर वर्षभरात भारतातल्या हॉस्पिटलात राहिले होते हे सांगा. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंसाठी ते तुमची तपासणी करतील, कदाचित वेगळ्या खोलीत ठेवतील. यात अपमान काही नाही, त्यांचा नियम आहे.

तर ताई, तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी हे सांगितलं असतं. या आठवड्यात जीपीकडे दुसऱ्या हॉस्पिटलची मागणी करा. चार-पाच महिन्यांच्या आत तारीख मिळत असेल तर लेस्टरच्या आसपासच करा, आणि भावाला सहा आठवडे तिकडे बोलवा. तारीख वर्षापलीकडेच राहत असेल, तर दुखण्याने चालणं सुटेपर्यंत थांबू नका. स्नायू जितके वाळतील तितकं नंतर सावरायला जड जातं. मग नोव्हेंबरची तयारी करा, दहा-अकरा आठवडे हातात घेऊन. त्याहून जास्त नको, कारण तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहणार असाल तर जीपीच्या यादीतून नाव निघू शकतं. नोकरीच्या ठिकाणी भारतातल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र चालेल का आणि त्या काळात आजारपणाचा पगार मिळेल का, हे ईमेलने विचारून ठेवा. तेवढे आठवडे मिळतच नसतील तर इकडचा विचार सोडा आणि तिथलीच रांग धरा.

दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी एचबीए१सी, हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी आत्ताच तिथे करून घ्या. दातांत काही दुखणं असेल तर तेही आधी उरकून घ्या, तिथूनही जंतू सांध्यापर्यंत जातात. खुब्याचा एक्स-रे फिल्मवर न मागता सीडीवर किंवा लिंकवर मागा. इथला सर्जन त्यावरूनच माप काढेल.